शाळा सुधारायची तर आधी घरांचा नकाशा बघा



या पानावर आपण बियाणं, खतं, पाणी आणि बाजारभाव यांविषयी वाचता. आजचा विषय शाळेचा आहे, आणि तोही सातासमुद्रापलीकडच्या एका जिल्ह्यातल्या सरकारी शाळांचा. तरी तो या पानाला सोडून नाही, कारण त्याचं मूळ जमिनीत आहे. कोणत्या जमिनीवर कोणाची घरं उभी राहणार हे ज्या दिवशी ठरतं, त्या दिवशी तिथल्या शाळेचं अर्धं भवितव्य ठरून जातं. त्या जिल्ह्याच्या पन्नास वर्षांच्या अनुभवातून हेच दिसतं.

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन. तिला लागून वायव्येला, मेरीलँड राज्यात, माँटगोमेरी नावाची कौंटी आहे. कौंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा धरा. आकारानं ती आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढीच भरेल, पण २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या साडेदहा लाखांच्या पुढे गेली. राजधानीत नोकरी करणारे हजारो लोक तिथं राहतात. अमेरिकेतल्या श्रीमंत जिल्ह्यांत तिचं नाव घेतलं जातं.

शेतजमीन राखणारा जिल्हा

शेतीच्या क्षेत्रात हा जिल्हा एका वेगळ्या कारणानं प्रसिद्ध आहे. शहर पसरत चाललं, शेतजमिनी बिल्डरच्या घशात जाऊ लागल्या, तेव्हा १९८० साली त्यांनी सुमारे ९३ हजार एकर जमीन शेतीसाठी राखून ठेवली. हा जिल्ह्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा. या पट्ट्यात २५ एकरांमागे एकच घर बांधता येतं. मग शेतकऱ्याचं नुकसान झालं त्याचं काय? त्याला दर पाच एकरांमागे एक ‘बांधकामाचा हक्क’ दिला. हा हक्क तो शहराकडच्या ठरवून दिलेल्या भागातल्या बिल्डरला विकू शकतो. बिल्डरला तिथं जास्त घरं बांधता येतात, शेतकऱ्याला पैसे मिळतात, आणि जमीन नांगराखाली राहते. आजही त्या जिल्ह्यात पाचशेहून जास्त शेतकरी शेती करतात.

हे सविस्तर सांगायचं कारण असं, की जमिनीचा नियम काय करू शकतो ते यातून दिसतं. एका नियमानं तिथं शेती वाचली. आता दुसऱ्या काही नियमांनी शाळांचं काय झालं ते बघू.

कारभार एक, शाळा दोन तऱ्हेच्या

अमेरिकेत शाळांना पैसा पुष्कळसा स्थानिक घरपट्टी आणि जमीनपट्टीतून मिळतो. त्यामुळे अनेक राज्यांत श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत आणि गरीब गावाची गरीब, असा उघड हिशेब असतो. माँटगोमेरीत तसं नाही. संपूर्ण जिल्ह्याचं एकच शिक्षण मंडळ आहे. मुलं सुमारे एक लाख साठ हजार, शाळा दोनशेहून जास्त. शिक्षकांची वेतनश्रेणी एक, अभ्यासक्रम एक, तिजोरी एक. आपल्या जिल्हा परिषदेसारखंच.

कागदावर समानता झाली. पण त्याच जिल्ह्यात पश्चिमेकडे बेथेस्डा, चेव्ही चेस, पोटोमॅक हा बंगल्यांचा भाग आहे. पूर्वेकडे सिल्व्हर स्प्रिंग, व्हीटन आणि वर गेथर्सबर्ग या भागांत भाड्याच्या सदनिकांच्या मोठाल्या इमारती आहेत. तिथं १९८० नंतर एल साल्व्हाडोर आणि मध्य अमेरिकेतल्या इतर देशांतून आलेली कष्टकरी कुटुंबं मोठ्या संख्येनं राहू लागली.

तिथल्या शाळेत गरीब मुलं किती हे मोजायची एक पद्धत आहे: दुपारचं जेवण. १९४६ च्या शालेय भोजन कायद्याखाली कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलाला जेवण फुकट किंवा सवलतीत मिळतं. अशी मुलं शेकडा किती, यावरून शाळेची आर्थिक स्थिती कळते. बेथेस्डाच्या वॉल्ट व्हिटमन हायस्कुलात हे प्रमाण शेकडा पाचच्या आसपास किंवा त्याहून कमी राहत आलं आहे. त्याच जिल्ह्यात मोटारीनं थोड्याच वेळात पोचावं इतक्या अंतरावर अशा शाळा आहेत, जिथं निम्म्याहून जास्त मुलं या यादीत असतात. मंडळ एकच, वेतनश्रेणी एकच, आणि मुलांचं जग मात्र वेगळं.

रेघ कोणी ओढली?

हे आपोआप झालं असं समजू नका. मूल कोणत्या शाळेत जाणार हे तिथं घराच्या पत्त्यावर ठरतं. प्रत्येक शाळेची हद्द नकाशावर आखलेली असते. म्हणजे शाळा निवडायची तर घर निवडायला हवं. आणि घर कोणाला परवडणार, हे जमिनीच्या नियमांनी ठरवलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टनभोवती नव्या वसाहती पडल्या, तेव्हा अनेक खरेदीखतांतच अट लिहिलेली असे, की हे घर काळ्या माणसाला विकायचं नाही. काही ठिकाणी ज्यू लोकांनाही मज्जाव होता. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अशा अटी न्यायालयं अमलात आणून देणार नाहीत. १९५४ साली त्याच न्यायालयानं काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगवेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. १९६८ साली घराच्या विक्रीत आणि भाड्यात वंशभेद करायला देशभर कायद्यानं बंदी आली.

कायद्यानं दार उघडलं, पण उंबरठा पैशाचा राहिला. एखाद्या भागात दोन एकरांखाली प्लॉटच पाडायचा नाही असा नियम असला, तर तिथं ड्रायव्हर, सफाई कामगार किंवा हॉटेलात राबणारी बाई घर कसं घेणार? कोणाच्या जातीचं वा रंगाचं नाव न घेता गरिबाला बाहेर ठेवायला प्लॉटचा आकार पुरेसा होतो. सदनिकांना परवानगी काही भागांतच मिळाली. गरीब कुटुंबं तिथं गोळा झाली आणि त्यांची मुलं त्याच शाळांत.

पुढे हे चक्र स्वतःच फिरतं. शाळा नावाजलेली म्हणून घराचा भाव वाढतो. भाव वाढला म्हणून फक्त पैसेवाले येतात. त्यांची मुलं घरून शिकून येतात म्हणून शाळेचा निकाल आणखी चांगला लागतो. दुसऱ्या टोकाला हेच उलट चालतं.

पहिला उपाय: हलक्या जमिनीला जास्त खत

१९९९ साली जेरी वीस्ट हे तिथल्या शिक्षण खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी जिल्ह्याचा नकाशा काढून सरळ दोन रंगांत वाटला. गरिबी जास्त असलेला भाग लाल, बाकीचा हिरवा. लाल भागातल्या प्राथमिक शाळांवर दर मुलामागे वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर जास्त खर्च सुरू केला. पहिली-दुसरीच्या वर्गांत १७ च्या आसपासच मुलं ठेवली. इतरत्र पंचविसाच्या पुढेमागे असत. दिवसभराची बालवाडी आधी गरीब शाळांत सुरू झाली, मग इतर ठिकाणी. शिक्षकांना जादा प्रशिक्षण दिलं.

लक्षात घ्या, श्रीमंत पालकांची मतं आणि आवाज दोन्ही मोठे असतात. त्यांच्यासमोर ‘सगळ्यांना सारखं नाही, ज्याला कमी त्याला जास्त’ असं सांगून ते राबवणं सोपं नव्हतं. पण ते राबवलं, आणि लाल भागातल्या मुलांचं वाचन सुधारलं. फरक पुसला मात्र गेला नाही.

दुसरा उपाय: बंगल्यांच्या वसाहतीत गरिबाचं घर

दुसरा उपाय त्याआधीचा आहे, आणि तो शाळा खात्यानं केलेलाच नाही. १९७४ पासून माँटगोमेरीत एक नियम लागू झाला. पन्नास किंवा जास्त घरांची वसाहत बांधणाऱ्या बिल्डरनं त्यातली सुमारे १५ टक्के घरं मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडतील अशा भावात द्यायची. त्या बदल्यात बिल्डरला त्याच जमिनीवर नेहमीपेक्षा जास्त घरं बांधायची मुभा. पुढे टक्केवारी आणि घरांची मर्यादा बदलत गेली, पण नियम टिकला. यातली तिसऱ्या हिश्श्यापर्यंत घरं जिल्ह्याच्या सरकारी गृहनिर्माण संस्थेला विकत घेता येतात, आणि ती संस्था ही घरं अगदी गरीब कुटुंबांना भाड्यानं देते. आजवर या नियमाखाली दहा हजारांहून जास्त परवडणारी घरं झाली.

परिणाम असा झाला, की बंगल्यांच्या रांगेतच, बाहेरून वेगळं न दिसणारं, गरीब कुटुंबाचं घर आलं. पत्ता बदलला, म्हणून शाळाही बदलली.

हेदर श्वार्ट्झ या अभ्यासिकेनं २००१ ते २००७ या काळात सरकारी भाड्याच्या घरांत राहणाऱ्या सुमारे ८५० मुलांचे निकाल तपासले. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्याची रीत आपल्याला लगेच समजेल, कारण ती आपल्या चाचणी प्लॉटसारखी आहे. एकाच पिशवीतलं बियाणं वेगवेगळ्या प्लॉटांत पेरायचं आणि कोणता प्लॉट कोणाच्या वाट्याला हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. म्हणजे ‘चांगल्या शेतकऱ्यानं चांगला प्लॉट आधीच धरला’ ही शंका राहत नाही. तिथं घर कोणाला कुठं मिळणार हे सोडतीनं ठरत होतं. त्यामुळे हुशार किंवा खटपट्या पालकांनीच चांगली शाळा गाठली, असं म्हणायला फारशी जागा उरली नाही.

मुलं सारखीच गरीब. काही मुलांच्या वाट्याला गरिबी कमी असलेली शाळा आली, काहींच्या वाट्याला जास्त गरिबीची. जास्त गरिबीच्या लाल शाळांवर तर जादा पैसा खर्च होत होता. प्राथमिक शिक्षण संपता संपता काय दिसलं? सुस्थितीतल्या शाळांत गेलेल्या या गरीब मुलांचं जिल्ह्यातल्या गरीब नसलेल्या मुलांपेक्षा गणितात जे अंतर होतं, ते निम्म्यानं कमी झालं. वाचनातलं अंतर एक तृतीयांशानं कमी झालं. जादा खर्चाच्या लाल शाळांत शिकलेल्या तशाच मुलांच्या ती पुढे निघून गेली.

याचा अर्थ नीट लावा

यावरून ‘गरीब शाळांवर पैसा घालणं फुकट आहे’ असा अर्थ कोणी काढू नये. लाल भागातला पैसा वाया गेला नाही. अभ्यास इतकंच सांगतो, की एकाच ठिकाणी सगळी गरिबी गोळा करून मग तिथं पैसा ओतण्यापेक्षा, गरिबी गोळाच होऊ न देणं जास्त गुणकारी ठरलं.

आणखी एक गोष्ट. गरीब मुलं कमी बुद्धीची असतात, हा समजही यात टिकत नाही. मुलं तीच होती. घरची मिळकतही एका रात्रीत वाढली नव्हती. शेजार आणि शाळा बदलली, आणि मूल पुढे गेलं.

त्या जिल्ह्याची फार वाहवा करायचंही कारण नाही. सुरुवातीला या परवडणाऱ्या घरांवरचं भावाचं बंधन फक्त पाच वर्षांचं होतं. मुदत संपली की घर बाजारभावानं विकलं जाई आणि हातचं जाई. शेवटी २००५ साली हे बंधन विक्रीच्या घरांसाठी ३० आणि भाड्याच्या घरांसाठी ९९ वर्षांचं केलं. तोवर कितीतरी घरं निघून गेली होती. २०१९ साली शिक्षण मंडळानं सगळ्या शाळांच्या हद्दी नुसत्या तपासायला घेतल्या, तर सभांमध्ये लोक तावातावानं उठले. अहवाल २०२१ मध्ये आला, पण त्यानं एकही हद्द हलवली नाही. ते त्याचं कामच नव्हतं. समतेचा फलक अंगणात लावणाऱ्यालाही आपल्या मुलाची शाळा बदलायची म्हटलं की घाम फुटतो. माणूस सगळीकडे सारखाच.

आता आपल्या शिवाराकडे

त्यांचा नियम उचलून इथं लावता येणार नाही. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेश घ्यायला घराचा पत्ता आडवा येत नाही. आपली रेघ वेगळ्या ठिकाणी आहे. सकाळी साडेसातला गावाच्या फाट्यावर उभे राहा. पिवळी व्हॅन येते आणि ज्यांच्या घरी ऊस, द्राक्ष, दूध किंवा नोकरीचा पैसा आहे त्यांची मुलं घेऊन शहराच्या रस्त्यानं जाते. गावच्या शाळेत उरतात ती शेतमजुरांची, वीटभट्टीवाल्यांची आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं. मुलं जातात तसे त्यांचे पालकही शाळेच्या कारभारातून जातात. मग पत्रा गळला, शिक्षकाची जागा रिकामी राहिली, तर पंचायत समितीत जाऊन टेबलासमोर बसणारं कोणी उरत नाही. माँटगोमेरीतही मूळ दुखणं हेच: आवाज असलेली माणसं एका शाळेत आणि नसलेली दुसऱ्या शाळेत.

कायद्यानं काही वाटा दिल्या आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं खाजगी विनाअनुदानित शाळांत पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यानं नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खाजगी शाळांना यातून सूट दिली होती. त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. घरांच्या बाबतीतही मोठ्या महानगरपालिकांच्या हद्दीत मोठ्या प्रकल्पांना २० टक्के छोटी घरं राखावी लागतात. माँटगोमेरीच्या नियमाचाच हा भाऊबंद. गावाकडे मात्र असा नियम नाही. म्हणून इथं ग्रामसभेनंच भान ठेवायला हवं.

काय करता येईल?

एक, घरकुलाची जागा. भूमिहीन कुटुंबांच्या घरकुलांसाठी जागा शोधताना आपण बहुधा ओढ्यापलीकडचा, गावापासून लांबचा तुकडा दाखवतो. कोणाची हरकत येत नाही म्हणून. पण पंधरा-वीस घरकुलं लांब एका जागी टाकली, की तिथं वेगळी वस्ती होते, पुढे वेगळी शाळा मागितली जाते, आणि ती वीस पटाच्या आत रडत राहते. गावठाणात किंवा शाळेच्या हाकेच्या अंतरावर जागा मिळते का, हे आधी बघा. दोन-दोन, चार-चार घरं विखरून बसवता आली तर उत्तम.

दोन, शाळा व्यवस्थापन समिती. कायद्यानं त्यात किमान ७५ टक्के पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. नावं कागदावर भरून सही घेण्याची रीत सोडा. मजुरी बुडू नये म्हणून बैठक संध्याकाळी घ्या. वाडी-तांड्यावरची बाई बैठकीत बोलली, तर ती समिती खरी.

तीन, पैशाची वाटणी. ग्रामपंचायत निधी आणि लोकवर्गणी दोन्ही मुख्य गावच्या शाळेकडे वाहतात, कारण उद्घाटनाची कोनशिला तिथं दिसते. दोन शाळा असतील तर निम्मं-निम्मं करू नका. वस्तीवरच्या शाळेला आधी द्या. आपण माती तपासून हलक्या रानाला शेणखत जास्त टाकतो ना? तोच हिशेब.

चार, फाट्यालगतचे नवे प्लॉट. शहराजवळच्या गावांत शेतं मोडून लेआउट पडत आहेत. मंजुरी ग्रामपंचायतीच्या हातात नसली तरी ठराव करून प्रश्न विचारणं हातात आहे: इथली मुलं कोणत्या शाळेत जाणार? खुली जागा कुठं आहे? नव्या रहिवाशांना गावच्या शाळेत आणायचा प्रयत्न करा. त्यांच्यातले दोन शिकलेले पालक समितीत आले तर शाळेचा कागद पुढे सरकतो.

पाच, व्हॅनमधल्या मुलांचे पालक. त्यांच्यावर सक्ती करता येत नाही, आणि टोमणे मारून कोणी परत येत नाही. पण गावातली पाच-सात बरी घरं एकदम ठरवून मुलं परत आणतील, तर शाळेला शिक्षकही मिळतो आणि आवाजही. एकट्या घराला ही उडी अवघड जाते, पाच घरांना जमते.

गरिबी एका कोपऱ्यात लोटायची आणि मग त्या कोपऱ्यातल्या शाळेला नावं ठेवायची, ही चूक श्रीमंत देशालाही महागात पडली. आपल्याकडे अजून पुष्कळ गावं लहान आहेत, माणसं एकमेकांना नावानं ओळखतात. घरकुलांची यादी ग्रामसभेपुढे येईल तेव्हा नावांबरोबर जागाही वाचून दाखवा, आणि तिथून शाळा किती पावलांवर आहे ते ठरावात लिहून घ्या.